काडीएवढी फट

४ मार्च

बाई,

तुमच्या डॉक्टरांनी पाठवलेले ठसे काल आमच्या लॅबमध्ये पोचले. त्यांत प्लास्टर ओतून मी वरच्या आणि खालच्या हिरड्यांचे साचे केले आहेत. तुमची कवळी मी बनवणार आहे.

कवळी बनवणारीनं पेशंटला परस्पर पत्र लिहायचं नसतं. आम्ही डॉक्टरांशी बोलतो, डॉक्टर पेशंटशी. पण तुमच्या कागदावर दोन नोंदी आहेत. पहिली, याआधी तीन ठिकाणी बनवलेल्या तीन कवळ्या तुम्ही परत केल्यात. दुसरी, व्यवसायापुढे 'बोलणं' असं लिहिलंय. ते अक्षर डॉक्टरांचं नाही.

दात काढल्यापासून तुम्ही बोलणं बंद केलंय, फोन उचलत नाही, तालमीलासुद्धा पाटी आणि खडू घेऊन बसता, असं डॉक्टर म्हणाले. 'परवा त्यांनी एका नटाला खडू फेकून मारला. नेम चांगला आहे,' हेही म्हणाले. म्हणून पत्र लिहिते आहे.

मला तुमचे जुने फोटो हवेत. दात दिसतील असे, वेगवेगळ्या वयातले. आणि आधीच्या कवळ्यांत नेमकं काय बिघडलं, ते तुमच्या शब्दांत. 'बरोबर नाही' एवढं पुरत नाही.

दुरुस्त केलेलं नाट्यगृह वीस जूनला उघडतंय, पहिला प्रयोग तुमच्या नव्या नाटकाचा आहे, आणि त्यात तुम्ही उभ्या राहणार की तुमची शिष्या, हे समितीला मेअखेर सांगायचंय, हे मला ठाऊक आहे. म्हणजे कामाला वेळ आहे, चुकायला फारसा नाही.

एक गोष्ट आधीच कळवलेली बरी. मी तुमच्या धाकट्या भावाची मुलगी. आपण कधी भेटलेलो नाही. याचा कवळीशी संबंध नाही.

तुमची,
दंततंत्रज्ञ


१८ मार्च

बाई,

फोटो मिळाले. ते ज्या जाड कागदात गुंडाळले होते, ती एका जुन्या नाटकाची जाहिरात निघाली आणि तुमचं पत्र तिच्याच पाठीवर होतं. आईनं विचारलं, "कुणाचं गं?" मी म्हटलं, "पेशंटचं." हे खोटं नाही.

'तुम्ही-बिम्ही बंद कर. मी तुझ्या बापाची बहीण आहे, तुझी साहेब नाही.' सूचना वाचली. सवय व्हायला वेळ लागेल.

मी नुसते फोटो मागितले होते. तुम्ही प्रत्येकाच्या मागे हकिगत लिहिलीत. कामासाठी त्यांची गरज नव्हती. तरी मी त्या वर्षांप्रमाणे लावून वाचल्या.

सगळ्यात जुन्या फोटोत तुम्ही एकोणीस वर्षांच्या आहात आणि स्टेजवर नाही, विंगेत आहात. नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची, हे तुमचं काम. नायक मरतानाचं भाषण विसरला. तुम्ही पहिलं वाक्य पुरवलंत, त्याला ऐकू गेलं नाही. दुसरं पुरवलंत, तो घाबरून डोळे मिटून आडवा झाला. मग तुम्ही अख्खं भाषण विंगेतूनच म्हणून टाकलंत. प्रेक्षकांना वाटलं, गेलेल्याचा आत्मा बोलतोय. टाळ्या पडल्या. कंपनीचे मालक म्हणाले, "त्या आत्म्याला उद्यापासून स्टेजवर घ्या."

हे वाचताना मी हसले. लॅबमध्ये सहसा कोणी हसत नाही, म्हणून समोरच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर करून पाहिलं.

'तेव्हा बायकांना कामं दोनच, एक रडणारी आणि एक पाणी आणणारी. मी दोन वर्षं पाणी आणलं. मग म्हटलं, आपणच लिहावं.' हे टेलिफोन एक्स्चेंजच्या फोटोमागे आहे. पाच बायका, पाच खुर्च्या, कानाला यंत्रं; पुरुष फक्त तारेवरचे आवाज. तुमच्या शहरात बाईनं लिहिलेलं, बाईनं बसवलेलं आणि फक्त बायकांनी केलेलं ते पहिलं नाटक. कुणीतरी वर्तमानपत्रात विचारलं, नायक कुठे आहे? दुसऱ्या दिवशी तुम्ही नाटकात एक वाक्य वाढवलंत : 'थांबा, नायकाची लाइन बिझी आहे.'

आणि तो सासऱ्याच्या भूमिकेतला फोटो. वय एकतीस, झुबकेदार मिशा. मागे फक्त एवढंच : 'अर्धी मिशी गिळली, वाक्य गिळलं नाही.'

आता कामाचं. सगळ्या फोटोंत तुमचे वरचे पुढचे दात सरळ, एकमेकांना चिकटून आहेत. मांडणी अवघड नाही. आधीच्या कवळ्यांविषयी तुम्ही लिहिलंय, 'त्या घालून बोलले की वाटतं, माझ्या तोंडात दुसरीच बाई बसलीये आणि ती फार सभ्य आहे.' हे मोजता येण्यासारखं नाही, पण मी टाळूकडची जाडी कमी करून बघते. जिभेला जागा मिळाली की आवाज मोकळा होतो.

तुम्ही बसून लिहीत नाही, येरझाऱ्या घालत मोठ्यानं बोलता, आणि सकाळी जेवढं आठवतं तेवढंच कागदावर उतरवता, हेही वाचलं. 'जे मलाच सकाळी आठवत नाही, ते प्रेक्षकाला काय आठवणार?' म्हणजे बोलणं थांबलं तेव्हा लिहिणंही थांबलं असणार. तिसरा अंक अडलाय तो यामुळे, असं मी समजते.

कुलपाच्या नाटकाचा फोटो तुम्ही पाठवला नाहीत. मी मागत नाही.

तुमची,
भाची


९ एप्रिल

आत्या,

मेणात बसवलेले दात तुम्हाला पोचले, डॉक्टरांनी घालून पाहिले, 'अप्रतिम' म्हणाले. आणि मग तुमचं एका ओळीचं पत्र आलं.

'दात सुंदर आहेत. कोणाचे आहेत?'

मी ती ओळ बरेचदा वाचली. दुसऱ्या दिवशी तुमचं सविस्तर पत्र आलं, तेव्हा कळलं. तुमच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट होती. तुम्ही पहिल्यांदा फोटो काढायला गेलात तेव्हापासून तो फोटोवाला निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून ती बुजवायचा. 'मी त्याला म्हटलं, राहू दे की. तो म्हणाला, बाई, फोटोखाली माझ्या दुकानाचं नाव जातं.' चाळीस वर्षं त्यानं बुजवली, नंतर त्याच्या मुलानं. म्हणजे पन्नासेक फोटोंत एकही खरा नाही, आणि मी मोजपट्टी लावून त्यांतून मापं काढत बसले होते.

चूक माझी आहे. आधीच्या तीन जणांनीही हीच केली असणार, पण त्यांना माझ्याइतकी माहिती नव्हती. बाबांच्या दातांत फट आहे. माझ्याही होती. बारा वर्षांची असताना बाबांनी मला तारा बसवून घ्यायला नेलं. का, ते कोणी सांगितलं नाही, आणि आमच्या घरात न सांगितलेलं विचारायचं नसतं. डॉक्टरांच्या खुर्चीत बसून मी माझ्याच जबड्याचा प्लास्टरचा साचा पाहिला आणि मला तो फार आवडला. या धंद्यात मी त्यामुळे आले. तो साचा अजून टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला. फटीसकट. तुमचे दात लावत होते तेव्हा तो हाताशी होता. फोटो मात्र मी भिंगातून बघत होते.

तर फट. तुम्ही लिहिलंय, 'आगपेटीतली काडी बरोबर बसायची. तालमीत मी तिथे काडी धरायची, म्हणजे हात मोकळे राहायचे.' मी तीन प्रकारच्या आगपेट्या आणल्या. तिन्हींच्या काड्या वेगवेगळ्या जाडीच्या आहेत. शिवाय नुसती रुंदी पुरत नाही. फट हिरडीपाशी रुंद होती की टोकाशी? दोन्ही दात सारखे झुकलेले होते की एकच? हवा नेमकी तिथून सुटते, म्हणून तुमचा 'स' शेवटच्या रांगेपर्यंत किंचित वाजत जायचा आणि लोक डोळे मिटूनही ओळखायचे की बाई आल्या. माझा बारा वर्षांचा साचा उपयोगी नाही, मुलांच्या जबड्यात नंतर बदल होतात.

तुमच्या पत्राचा शेवट मी मुद्दाम शेवटी घेते आहे. 'ठोंब्याची आणि माझी फट एकच. लहानपणी आम्ही दोघं तिच्यातून शिट्टी मारायचो आणि आईला स्वयंपाकघरातून कळायचं नाही की कोणी मारली. तेव्हा तुला माप हवं असेल तर ते तुमच्याच घरात जेवायला बसतं.'

ते माझ्याही लक्षात आलं होतं. मी लिहायचं टाळत होते.

बाबा तुमचं नाव घेत नाहीत. वाईटही बोलत नाहीत. टीव्हीवर तुम्ही दिसलात की उठून खिडकी बंद करायला जातात, खिडकी बंद असली तरी. मला माहीत आहे ते आईकडून. तुम्ही नाटक लिहिलंत, त्यात घराबाहेर पडताना कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघणारा एक भाऊ होता, नाटक तुफान चाललं, आणि नकाशे काढण्याच्या ऑफिसात बाबा खाली मान घालून काम करत असले की कोणीतरी मागून म्हणायचं, "साहेब, कुलूप?" रस्त्यातही म्हणायचे. बाबांनी वर्षाच्या आत बदली मागून घेतली. ते नाटक त्यांनी कधी पाहिलेलंच नाही.

मी त्यांना काय सांगू, ते कळवा. थोडक्यात.

भाची


२२ एप्रिल

आत्या,

ठसा मिळाला. चांगला आला आहे. कसा घेतला ते सांगते, कारण तुम्ही विचारल्याशिवाय राहणार नाही.

रविवारी सकाळी मी लॅबमधून ट्रे आणि भुकटी घरी आणली. बाबा ओट्यापाशी उभे राहून पेन्सिलींना टोकं काढत होते. निवृत्त होऊनही रोज काढतात. मी म्हटलं, "बाबा, तुमच्या वरच्या दातांचा ठसा हवाय."

"कशाला?"

"एका पेशंटसाठी."

"पेशंटला स्वतःचे दात नाहीत?"

"नाहीत. म्हणूनच."

आई भाजी निवडत होती. तिनं वर न बघता म्हटलं, "द्या हो. पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलंय." बाबा खुर्चीत बसले.

त्या भुकटीत पाणी घालून लापशीसारखं मिश्रण करतात, ट्रेमध्ये भरून तोंडात दाबतात. ते घट्ट होईपर्यंत माणसाला बोलता येत नाही आणि उठताही येत नाही. साध्या पाण्यात ते लवकर घट्ट होतं. पाणी गार असेल तर उशिरा. मी फ्रिजमधलं पाणी घेतलं. पुस्तकात ही पद्धत पेशंटची गैरसोय टाळण्यासाठी दिली आहे, गैरसोय करण्यासाठी नाही. हे मला माहीत आहे.

ट्रे बसल्यावर मी सांगितलं, की पेशंट तुमची ताई आहे.

बाबांचा हात ट्रेकडे गेला. मी मनगट धरलं आणि म्हटलं, "हलू नका, ठसा बिघडेल." बिघडलेला ठसा बाबांना सहन होत नाही, नकाशा काढणारे आहेत. ते हलले नाहीत.

मग मी तुम्ही लिहिलेलं सांगितलं, तुमच्याच शब्दांत. की लोक त्या भावाला हसत नव्हते, प्रत्येक जण घरी जाऊन आधी आपलं कुलूप ओढून बघत होता. की तुमची आई गेल्यावर तुम्ही दौऱ्यावर आणि घर सांभाळायला तो एकटा, म्हणून ते पात्र तुम्हाला लिहावंसं वाटलं. आणि नाटकाचा शेवट, जो बाबांना ठाऊक नव्हता : भाऊ कुलूप लावून निघतो, परत येऊन बघतो, निघतो, परत येतो. तिसऱ्यांदा येतो तेव्हा दारात बहीण उभी असते, दौऱ्यावरून आलेली, किल्ली नसलेली. तो तिसऱ्यांदा परत आला नसता तर ती बाहेरच राहिली असती.

मी ट्रे काढला. या मिश्रणानं काहींच्या डोळ्यांना पाणी येतं. हे फक्त नोंदवून ठेवते.

बाबांनी चूळ भरली. टॉवेलनं तोंड पुसलं, टॉवेलची घडी घातली. मग म्हणाले, "तिला सांग, मी तीनदा बघत नव्हतो. दोनदाच बघत होतो."

आईनं भाजीचं ताट खाली ठेवलं आणि इतकी हसली, की तिला ठसका लागला. बाबा खोलीत गेले. जाताना म्हणाले, "तिसऱ्यांदा बघायला मी काय मूर्ख आहे?"

फट टोकापेक्षा हिरडीपाशी किंचित रुंद आहे आणि डावा दात थोडा आत वळलेला. काडी बसते. जाड आगपेटीतली.

भाची


१३ मे

आत्या,

काल तू फोन केलास. (करते आहे सवय.)

लॅबमध्ये फोन वाजला, समोरच्या बाईंनी उचलला, आणि रिसीव्हर कानापासून लांब धरत म्हणाल्या, "कोणीतरी 'दातवाली आहे का' म्हणून विचारतंय. सगळ्यांना ऐकू येतंय." खरंच येत होतं. पॉलिशचं मशीन बंद झालं. मी सगळा वेळ 'हो' आणि 'बरं' एवढंच म्हणाले. तेव्हा म्हणायचं राहिलं ते आता लिहिते.

मी तुझा आवाज कधी ऐकला नव्हता. टीव्हीवर दिसायचीस तेव्हा बाबा खिडकीकडे जायचे आणि मी पडद्याकडे न बघता आवाज कमी करायची. ती माझी कामगिरी होती. काल तू म्हणालीस, "सांग तुझ्या सगळ्या सहकाऱ्यांना, सासू सापडली, सून सुटली, सगळे सुखी." चार शब्दांनंतर मला माझीच चूक ऐकू आली, म्हणजे ती नसणं ऐकू आलं. 'स' वाजत होता. मोठ्यानं नाही. जाताना दार लोटावं तसा.

फट ठेवून पाठवलेल्या नव्या मेणाच्या कवळीवर दोन वाक्यं बोलून बघायची असतात, हे मी चिठ्ठीत लिहिलं होतं आणि खाली रेघ मारली होती. तू रिकाम्या नाट्यगृहात उभी राहून दोन अंक म्हटलेस. डॉक्टर म्हणाले, "मी खालून ओरडत होतो, बाई, मेण आहे, मेण आहे. त्यांना वाटलं, मी दाद देतोय." शिष्येला तू शेवटच्या रांगेत बसवलं होतंस आणि तिनं तिथून ओरडून सांगितलं, "मावशी, माझं काम गेलं," आणि मग शिट्ट्या मारल्या. मला ती मुलगी आवडली. तुझी भूमिका पाठ करून ती करायला न मिळाल्याचा इतका आनंद होणारी माणसं कमी असतात.

उजवीकडचा सुळा बोलताना ओठाला लागतो म्हणालीस, तो थोडा घासून कमी करते. बाकी आहे तसं ठेवते. आता हेच दात गुलाबी ॲक्रिलिकमध्ये पक्के करायचे. मेण जातं, जागा राहते.

तिसरा अंक पुरा झाला हे तू फोन ठेवता ठेवता सांगितलंस. त्यात काय आहे ते सांगितलं नाहीस. मी विचारलंही नाही, पण मला जाणून घ्यायचं होतं, हे कळवते.

बाबांना मी सांगितलं की माप जमलं. ते म्हणाले, "जमणारच." थोड्या वेळानं म्हणाले, "डावा दात आत वळवलास ना?"

तुझी,
दातवाली


२९ मे

आत्या,

सोबत पक्की कवळी. समितीला तुझं नाव कळवलं गेलंय हे डॉक्टरांकडून समजलं. तूच कळवलंस, मेणाची कवळी परत पाठवण्याआधीच, पाटीवर न लिहिता, खोलीत शिरून, आणि अध्यक्षांच्या हातून पेन पडलं, असंही समजलं.

सूचना देते आहे. पाळ.

पहिले काही दिवस मऊ खा. झोपताना काढून पाण्यात ठेव. पाणी गरम नको. कडक ब्रशनं घासू नकोस. दुखलं तर डॉक्टरांकडे जा, स्वतः कानशीनं घासू नकोस. तू हे करशील, असं मला डॉक्टरांनी बजावलंय. काडी धरायची असेल तर धर. तिथे जोर पडला तरी चालेल, असा भाग जाड ठेवलाय. आतापर्यंत असं कुणासाठी केलेलं नाही, आणि लॅबच्या सरांनी तपासताना विचारलं, "ही फट राहून गेली का?" मी म्हटलं, "नाही, ठेवलीये." ते म्हणाले, "पेशंट तक्रार करेल." मी म्हटलं, "नाही करणार." सर बराच वेळ भिंगातून बघत राहिले.

शिट्टीबद्दल तू विचारलंस. वरच्या कवळीनं शिट्टी मारता येईल असं कुठेही लिहिलेलं नाही. येणार नाही असंही लिहिलेलं नाही.

प्रयोगाचे तीन पास मिळाले. आई साडी काढून बसली आहे. बाबा म्हणतात, "तुम्ही दोघी जा. घर कोण बघणार?" घराला काही होत नाही. पण मी वाद घातला नाही. तिन्ही पास भिंतीवर लावलेत, त्यांच्या टेबलासमोर, जरा तिरके. बाबांना तिरकं काही बघवत नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी ते पट्टी लावून सरळ केले होते. मधला त्यांचा.

दातवाली


२३ जून

आत्या,

आम्ही काल घरी पोचलो. आता तू फोन करू शकतेस, तरी मी पत्रच लिहिते, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आणि त्या रात्री तुझ्याभोवती इतकी गर्दी होती, की मी फक्त "डाव्या बाजूला टोचतंय का?" एवढंच विचारू शकले. तू सगळ्यांसमोर तोंड उघडून दाखवलंस. ते टाळता आलं असतं.

तुला स्टेजवरून दिसलं नसेल ते सांगते.

निघायच्या दिवशी बाबा घरीच राहणार होते. मी आणि आई जिना उतरलो. वर दार बंद झाल्याचा आवाज आला, कुलूप लावून ओढल्याचा आवाज आला, मग पावलं, मग परत पावलं, परत कुलूप ओढल्याचा आवाज. आणि बाबा पिशवी घेऊन खाली आले. "चला, गाडी चुकेल," म्हणाले, जणू आम्हीच उशीर केला. आई माझ्याकडे बघून दोन बोटं दाखवत होती. दोनदाच. ते खरं बोलत होते.

नाट्यगृहात आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. नवीन रंगाचा वास होता, खुर्च्यांवरचं प्लास्टिक काहींनी काढलंच नव्हतं, त्यामुळे कोणी हललं की चरचर व्हायची. पडदा वर गेला. तू पाठमोरी होतीस. पहिलं वाक्य तू पाठमोरीच म्हणालीस, आणि त्यात 'सकाळ' हा शब्द होता. मागून कोणीतरी म्हातारा माणूस हळूच म्हणाला, "आल्या." एवढंच. 'स' जमलाय का, हे मी यंत्रावर आवाजाचा आलेख काढून बघणार होते. आता गरज वाटत नाही.

पहिल्या अंकात बाबा ताठ बसले होते. दुसऱ्यात तू त्या विमावाल्याला दारातच अर्धा तास उभं करतेस, तिथे ते पहिल्यांदा हसले, तोंड हातानं झाकून. तोंड झाकायचं कारण मला आता कळतं. हसताना फट दिसते.

तिसऱ्या अंकात तू घर सोडून निघतेस. दार ओढलंस, कुलूप लावलंस, चार पावलं गेलीस. परत आलीस. कुलूप ओढलंस. लोकांना जुनं नाटक आठवत होतं, पहिल्या रांगेपासून हसू सुरू झालं आणि मागे पसरत गेलं. माझ्या शेजारी बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. तू निघालीस. परत आलीस. दुसऱ्यांदा ओढलंस. सगळं नाट्यगृह तिसऱ्या वेळेची वाट बघत होतं, हसू तोंडात तयार ठेवून. तू पायरीवर थांबलीस, वळलीस, कुलपाकडे पाहिलंस, मग आमच्याकडे.

"तिसऱ्यांदा नाही बघत," तू म्हणालीस. "यायचं होतं ते आत आलंय."

लोक हसले, आणि मग टाळ्या. बाबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि ते तोंड न झाकता हसत होते. प्लास्टिकची चरचर होत होती. आई रुमाल शोधत होती, बाबांच्याच खिशात.

पुढचं तुला माहीत आहे, पण अर्धंच. रंगपटाच्या बोळात इतकी माणसं होती, की आम्हाला पुढे सरकता येईना. मी म्हटलं, "बाबा, मी आत जाऊन सांगते." ते म्हणाले, "थांब." आणि तिथेच, हारतुऱ्यांच्या मागे उभं राहून, नकाशांच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या, घरात कधी मोठ्यानं न बोलणाऱ्या माझ्या बापानं शिट्टी मारली. बोळ गप्प झाला. आतून उत्तर आलं. जरा फाटकं, पण तेच.

पुस्तकात भर घालायला हवी.

मग आतून तुझा आवाज, "ठोंब्या, आत ये, दार उघडंच आहे." आणि बाबा, आयुष्यात पहिल्यांदा गर्दीतून धक्के देत, "माझी ताई आहे, सरका, माझी ताई आहे." त्यानंतर तुम्ही दोघं ज्या गोष्टीवरून भांडलात, म्हणजे लहानपणी ती शिट्टी आधी कोणाला आली, त्याचा निकाल गाडी सुटेपर्यंत लागला नव्हता. बाबांनी प्रवासात मला त्यावर दोनदा पुरावे दिले. पुढच्या महिन्यात ते एकटे तुझ्याकडे यायचं म्हणत आहेत, निकालासाठी. टीव्हीच्या खोलीतली खिडकी सध्या उघडी असते.

आता एक, जे मी तिथे सांगितलं नाही.

तारा काढल्यानंतर दात पुन्हा पसरू नयेत म्हणून मला रोज झोपताना लावायचा एक पट्टा दिला होता. तो मी बारा-तेरा वर्षं न चुकता लावला. बाबांच्या ठशाचा साचा तयार केला त्या दिवशी मी तो डबीत ठेवला आणि डबी टेबलाच्या कप्प्यात टाकली. विसरले नाही. लावला नाही.

दात सरकतात, हळूहळू. आरशात अजून काही दिसत नाही. जीभ लावली की कळतं. माझ्याकडे यासाठी लागणारी सगळी मापाची हत्यारं आहेत, अगदी बारीकसुद्धा. मी मोजलेलं नाही.

शिट्टी अजून येत नाही. नुसती हवा येते. पण येते.

तुझी,
दातवाली